सिंहाचं कातडं पांघरलेला तो चेहरा सिकंदराचा नाही

सिकंदराच्या चांदीच्या नाण्याचा फोटो फिरतो, तेव्हा खाली हमखास लिहिलेलं असतं: ‘हा खुद्द सिकंदर’. तसं नाही. सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलेला तो तरुण म्हणजे हेराक्लीस, नेमियाचा सिंह मारणारा ग्रीक वीर. मॅसिडोनियाचं, म्हणजे सिकंदराचं, राजघराणं स्वतःला त्याचे वंशज म्हणवत असे.

सगळ्यात भक्कम पुरावा कालक्रमाचा आहे. सिकंदराचा काका तिसरा पर्डिकास (राज्यकाळ इ.स.पू. ३६५ ते ३५९) याच्या नाण्यांवरही हाच बिनदाढीचा, सिंहचर्म घेतलेला हेराक्लीस आहे. सिकंदर जन्मला इ.स.पू. ३५६ मध्ये! पर्डिकासच्याही आधी मॅसिडोनियाचा राजा आर्केलाओस याच्या नाण्यांवरही हेराक्लीस होताच. सिकंदराच्या नाण्याच्या मागच्या बाजूला सिंहासनावर ग्रीकांचा देवराज झ्यूस, हातावर गरुड आणि शेजारी सिकंदराचं नाव. हे नाव नाणं कोणाचं ते सांगतं, चित्र कोणाचं ते नाही.

गैरसमज मात्र अगदी निराधार नाही. सिडोन (आजच्या लेबनॉनमध्ये) इथे सापडलेल्या, आता इस्तंबूलमध्ये असलेल्या प्रसिद्ध शवपेटीवर सिंहचर्म घातलेला सिकंदरच कोरलाय. ही नाणी त्याच्या मृत्यूनंतरही दोनशेहून अधिक वर्षं पाडली गेली, त्यामुळे लोकांच्या मनात दोन चेहरे मिसळले असणं मला स्वाभाविक वाटतं.

खरा सिकंदर पाहायचा असेल तर त्याच्या सेनापतींची नाणी पाहा. इजिप्तमध्ये टॉलेमीने त्याला हत्तीचं कातडं पांघरलेला दाखवला. भारतावरच्या स्वारीची ती खूण. लिसिमाकसच्या नाण्यांवर त्याच्या कानाभोवती इजिप्तच्या अमोन देवाचं मेंढ्याचं शिंग वळलेलं आहे, आणि चेहऱ्याचं कोरीवकाम तर अप्रतिम.