पार्श्वभूमी : घोरणं आजारात कधी मोजलं जाऊ लागलं

उन्हाळ्यात सोलापूरच्या पूर्व भागातली घरं गच्चीवर झोपायला जातात, तेव्हा कोण घोरतं ते अख्ख्या गल्लीला कळतं. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या वस्तीला त्याचं विशेष काही वाटत नाही. दमलेला माणूस डाराडूर झोपणारच. घोरणं मध्येच थांबलं की घरच्यांना उलट हायसं वाटतं. त्या थांबण्याकडे, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या ‘स्लीप ॲप्निया’ या आजाराकडे, डॉक्टरांचं लक्ष जायलाही विसावं शतक निम्म्याहून जास्त सरावं लागलं.

१९५६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका लठ्ठ, बसल्या जागी पेंगणाऱ्या रुग्णाची हकिगत छापली. पत्त्यांत तीन एक्के आणि दोन राजे हाती आले असताना त्याला झोप लागली होती. दोष रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला दिला गेला. तो झोपतो कसा, हे कुणी पाहिलं नाही. ते काम १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे केलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट मिटते, छाती-पोट हलत राहतं पण हवा आत जात नाही. मग मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा घुरका येतो आणि पुन्हा तेच, कधी कधी रात्रभरात शेकडो वेळा. सुरुवातीला उपाय होता गळ्याला भोक पाडून नळी बसवण्याचा. १९८१ मध्ये दोन वाटा निघाल्या : अमेरिकेत पडजीभ आणि मऊ टाळूची शस्त्रक्रिया, आणि सिडनीत नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र, म्हणजे आजचं सीपॅप.

इथपर्यंत फारसा वाद नाही. गुंता झाला तो ‘हायपॉप्निया’ या शब्दाने.

श्वास दहा सेकंद किंवा जास्त बंद पडला तर तो ॲप्निया. पण पूर्ण बंद न पडता उथळ झाला तर? तो हायपॉप्निया. दोन्हींची बेरीज भागिले झोपेचे तास, हा झोपेच्या तपासणीच्या रिपोर्टवरचा एएचआय हा आकडा. ५ पासून सौम्य, १५ पासून मध्यम, ३० पासून तीव्र. बेरजेत दोघांना समान वजन, आणि श्वास किती उथळ झाला की मोजायचा हे मात्र ठरवून घेतलेलं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने मुख्य नियम दिला : हवा ३० टक्के घटावी आणि रक्तातला ऑक्सिजन ४ टक्के उतरावा. सोबत एक पर्यायी नियमही ठेवला, म्हणून प्रयोगशाळा आपापल्या सोयीने मोजत राहिल्या. २०१२ मध्ये मुख्य नियम बदलला : ऑक्सिजन ३ टक्के उतरला किंवा मेंदू क्षणभर जागा झाला तरी धरा. तिथल्या वृद्धांच्या सरकारी विम्याने ४ टक्क्यांचा नियम सोडला नाही. त्यामुळे रात्र तीच, माणूस तोच, पण एका मोजणीत तो १२ वर आणि दुसरीत २० वर असू शकतो.

४ टक्केवाल्यांचं म्हणणं, हृदयविकाराशी संबंध त्याच मापाने जास्त पक्का दिसतो, सैल नियमाने धडधाकट माणसंही रुग्ण ठरतात. मला हे पुरेसं वाटत नाही. बायकांमध्ये आणि सडपातळ माणसांत ऑक्सिजन तितका उतरत नाही, झोप मात्र तुटत राहते. आपल्याकडे लहान जबड्यामुळे कमी वजनातही हा आजार होतो. दिवसभर अंग जड, डोकं दुखतंय, बीपी गोळ्यांना दाद देत नाही, आणि रिपोर्ट म्हणतो ‘नॉर्मल’, हे त्या एका टक्क्याने घडतं.

सोलापुरात हा आजार कळायला उशीर झाला, कारण पेंगण्याला इथं कारणं तयार होती : गिरणीची रात्रपाळी, वैशाखातलं ऊन, पुणे-हैदराबाद रस्त्यावर रात्रभर चाललेला ट्रक. भारनियमनाच्या वर्षांत विजेवर चालणारं सीपॅप रात्रभर लावा असं सांगणंही अवघड होतं. कोविडने दोन गोष्टी बदलल्या. ऑक्सिमीटर घराघरांत आला. पण दुसऱ्या लाटेत ‘बायपॅपवर ठेवलंय’ (तेही मास्कने हवेचा दाब देणारं यंत्र) हे वाक्य ज्यांनी फोनवर ऐकलं, त्यांच्या मनात मास्क म्हणजे शेवट, हे बसलं. आज सीपॅपचा मास्क समोर धरला की रुग्णाच्या बायकोचे डोळे भरतात ते त्यामुळेच. त्यात २०१६ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सीपॅपने हृदयविकाराचे झटके घटल्याचं दिसलं नाही; पण त्यातले रुग्ण यंत्र लावत होते रात्री सरासरी तीन-साडेतीन तास. पुढे २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीने यंत्रातला फोम झिजत असल्याने लाखो यंत्रं परत मागवली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठ रुग्णांमधल्या मध्यम आणि तीव्र आजारासाठी वजन घटवणाऱ्या एका इंजेक्शनला मान्यता मिळाली.

आता तपासणीची पेटी घरी आणून रात्रभर लावता येते. बोटाला क्लिप, नाकाशी नळी, छातीला पट्टा. बहुतेक पेट्यांत मेंदूच्या तारा नसतात, म्हणून तुटलेली झोप त्यांना दिसत नाही. भागाकारही झोपेच्या तासांनी होत नाही, नोंदीच्या तासांनी होतो. जागं पडून राहिलेला वेळ त्यात मिसळतो आणि आकडा खाली येतो. असा रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात : मोजणी ३ टक्क्यांनी केली की ४ ने, आणि भागाकार कोणत्या तासांनी.