जुळ्या तान्ह्यांचे बदलते स्वभाव

जुळ्या तान्ह्यांचे बदलते स्वभाव : एकाच गर्भारपणातून जन्मलेल्या दोन बाळांच्या रडण्यात, झोपेत, दूध पिण्यात आणि माणसांना प्रतिसाद देण्यात दिसणारा फरक व पहिल्या दोन वर्षांत त्यात होणारी उलटापालट. घरात एक बाळ ‘गुणी’ आणि दुसरे ‘किरकिरे’ ठरते. महिन्या-दीड महिन्यात तीच विशेषणे अदलून-बदलून लावावी लागतात.

जुळ्यांसाठी मराठीत ‘जावळी’ हा जुना शब्द आहे. तो संस्कृत ‘यमल’वरून आला असे सामान्यतः मानतात, तान्ह्याचे पहिले केस या अर्थाचा ‘जावळ’ वेगळा. ‘जुळे’ची व्युत्पत्ती ‘युगल’पासून लावता येते तशी ‘जुळणे’पासूनही, दुसरी अधिक सरळ वाटते.

दोन बाळांत फरक का, हा प्रश्न आयुर्वेदाला पडला होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात (शरीर व गर्भ यांविषयीच्या विभागात) वायूने बीज दुभंगल्यामुळे जुळे होते असे म्हटले आहे. चरकसंहिता (शारीरस्थान, अध्याय २) पुढे जाते : शुक्र-शोणिताची (पित्याच्या व मातेच्या बीजाची) वाटणी विषम झाली की एक गर्भ जास्त वाढतो, दुसरा कमी, पूर्वकर्म हेही कारण. या ग्रंथाचा काळ ढोबळमानाने इसवी सनाच्या आगेमागे धरतात. दृढबल या नंतरच्या संपादकाने पूर्ण केलेल्या भागात शारीरस्थान येत नाही, म्हणून हा विचार जुन्या थरातला मानण्यास हरकत नसावी. मात्र तेथील विषमता शरीराच्या वाढीची आहे. तिचा थेट स्वभावाशी संबंध जोडणे ओढूनताणून होईल.

ज्येष्ठ कोण, हाही जुना वाद. मनुस्मृती (९.१२६) जन्मक्रम प्रमाण मानते, भागवत पुराणातील (३.१७) हिरण्यकशिपू-हिरण्याक्षांच्या कथेत गर्भधारणेचा क्रम आणि जन्माचा क्रम उलटे आहेत. काही मिनिटांच्या अंतराने ‘दादा’ झालेल्या बाळाकडून पुढे समजूतदारपणाची अपेक्षा होते, म्हणून हा वाद इथे नोंदवणे भाग आहे.

इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७५ मध्ये जुळ्यांवरील लेखनातून निसर्ग व संगोपन यांचा वाटा तपासला. परंतु जुळ्यांतील एकबीज (एकाच फलित बीजांडातून झालेली) व द्विबीज (दोन वेगळ्या बीजांडांतून झालेली) हा भेद तेव्हा नीट प्रस्थापित नव्हता. तान्ह्यांच्या स्वभावाचा पद्धतशीर अभ्यास १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे अलेक्झांडर थॉमस व स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी सुरू केला. त्यांनी चळवळेपणा, झोप-भुकेची नियमितता, नव्या गोष्टीकडे झेपावणे की बिचकणे अशी नऊ लक्षणे धरली. मानसशास्त्रज्ञ मेरी रॉथबार्ट यांनी पुढे प्रतिक्रिया आणि स्वनियंत्रण या दोनांवर भर दिला. बदल समजून घेण्यास हीच मांडणी अधिक उपयोगी, कारण स्वनियंत्रण पहिल्या वर्षाच्या अखेरीस आकार घेऊ लागते आणि त्याआधी, साधारण सहा ते नऊ महिन्यांत, परक्याची भीती जागी होते. चौथ्या महिन्यात कोणाकडेही झेपावणारे बाळ आठव्या महिन्यात आईच्या खांद्यात तोंड लपवते. जुळ्यांत हा टप्पा एकाच आठवड्यात येईलच असे नाही. म्हणून स्वभावांची अदलाबदल झाल्यासारखी वाटते. शिवाय जुळी बहुधा दिवस भरण्याआधी जन्मतात, त्यामुळे वय अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे लागते.

अमेरिकेतील लुइव्हिल येथे जुळ्यांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यातून अ‍ॅडम मॅथेनी यांनी १९८३ मध्ये दाखवले की एकबीज जुळ्यांचे वागणे बदलते तेव्हा बदलाची वाटही द्विबीजांपेक्षा अधिक सारखी असते. याउलट आईवडिलांनी भरलेल्या प्रश्नावल्यांत द्विबीज जुळी अपेक्षेपेक्षा फारच वेगळी दिसतात. त्रयस्थाने पाहिल्यास तो फरक पुष्कळ कमी होतो. पालक दोघांची सतत एकमेकांशी तुलना करतात आणि फरक नकळत वाढवून सांगतात, असे याचे स्पष्टीकरण देतात. ते पटण्यासारखे आहे. तरी पालकांची नजर टाकाऊ नव्हे : रात्री अडीचला कोण कशाने शांत होते, हे त्रयस्थाला दिसत नाही.

मुंबईत भारतातील शास्त्रीय नोंद असलेले पहिले नळीबाळ (शरीराबाहेर फलन घडवून झालेले बाळ) १९८६ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून जन्मले. या उपचारांत गर्भाशयात एकाहून अधिक भ्रूण ठेवण्याच्या प्रथेमुळे द्विबीज जुळ्यांचे प्रमाण वाढले. मराठी घरांत पहिली निरीक्षक पुष्कळदा न्हाऊ घालणारी बाई असते. तेल-मालिश, पाणी, धुरी हे सगळे ती पाठोपाठ दोघांना करते; कोण पाण्याने ताठरते, कोण सैल पडते, हे तिला बारशाआधी ठाऊक असते. माहेरून परतल्यावर जागा लहान आणि हात थोडे, म्हणून बाळे वाटली जातात : एक आजीपाशी, एक आईपाशी. रडणारे आधी उचलले जाते आणि ‘शांत’ बाळ वाट पाहते. हे शांतपण कायमचे समजून त्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवणे अन्यायाचे आहे. ते बाळही पुढच्या महिन्यात मोठ्याने मागणार असते.

प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन अपत्यांपर्यंत प्रसूती रजा २६ आठवडे मिळते; त्यांतील आठपर्यंत प्रसूतीपूर्वी घेता येतात. म्हणजे आई लोकल पकडू लागते ती बाळे चार ते सहा महिन्यांची असताना, आणि पाळणाघर अंगवळणी पडते न पडते तोच परक्याची भीती सुरू होते. पाळणाघराच्या दारात एक हसत जाते, दुसरे पदर सोडत नाही. पंधरा दिवसांनी पदर धरणारे दुसरेच असते.