ठिणगी दिसते, म्हणजे इग्निशन ठीक? एक खुलासा

स्पार्क प्लग काढून इंजिनाच्या हेडला टेकवावा, किक मारावी आणि निळी ठिणगी दिसली की इग्निशनला (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेला) निर्दोष ठरवून कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलावा, ही समजूत सोलापुरातल्या गॅरेजांत इतकी रुळली आहे की नव्याने बांधलेली जुनी बुलेट सुरू झाली नाही तर बिचारा कार्बोरेटर चार-चार वेळा धुतला जातो.

उघड्या हवेत ठिणगी सहज पडते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून उडी मारायला तिला कितीतरी जास्त व्होल्टेज लागते, आणि थकलेला कंडेन्सर किंवा कॉइल (ठिणगीचे व्होल्टेज उभे करणारे भाग) नेमकी तिथेच हात टेकते. त्याहून महत्त्वाचे असे की ठिणगी कधी पडते, हे या चाचणीत कळतच नाही. फोर स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, पण पॉइंटचा (उघडताच ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा) कॅम एकदाच फिरतो, म्हणून टायमिंग (ठिणगीची वेळ) लावताना कॉम्प्रेशनऐवजी एक्झॉस्टचा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) धरला गेला, तर ठिणगी धूर बाहेर जाताना पडते. बांधणीनंतरचा हा नेहमीचा घोळ आहे.

प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून किक हळू दाबावी. हवा अंगठा ढकलू लागल्यावर पिस्टन वर आणावा, तेव्हा दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) बोटांनी सैल फिरले पाहिजेत. पॉइंट याच फेरीत, टीडीसीच्या किंचित आधी उघडायला हवेत. पॉइंटमध्ये विडीच्या पाकिटाचा पातळ कागद धरला, तर तो सुटतो तोच उघडण्याचा क्षण. कार्बोरेटर त्यानंतर खोलावा.