बुडबुडा फुगतो तसा मिटत नाही

पंपांच्या माहितीपत्रकांत हल्ली संगणकावर काढलेली रंगीत चित्रे असतात. पात्यावर वाफेचा ठिपका दिसला नाही, की 'कॅव्हिटेशनपासून (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन मिटण्यापासून) सुरक्षित' असे खुशाल लिहून टाकतात. त्या चित्रामागचे गणित वाचकांनी एकदा पाहायलाच हवे.

पाणी तापवल्याशिवाय उकळत नाही, हा समज चुकीचा आहे. 20 अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे ज्या दाबाखाली पाण्याची वाफ होऊ लागते तो दाब, सुमारे 2.3 किलोपास्कल असतो. इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) पात्यावरून वेगाने जाताना दाब त्याखाली उतरला, की थंड पाण्यातच वाफेचे बुडबुडे होतात. पुढे दाब वाढला की ते मिटतात आणि पोलादालाही खड्डे पाडतात.

एका घनमीटर पाण्यात बुडबुड्यांची सूक्ष्म बीजे दहा लाख कोटी धरण्याचा प्रघात आहे. एवढ्यांचा वेगवेगळा हिशेब कोणताच संगणक ठेवणार नाही. म्हणून पाण्याचे छोटे कप्पे पाडून प्रत्येकात वाफेचा अंश तेवढा मोजतात. ती वाफ किती वेगाने वाढेल, हे एका आदर्श गोल बुडबुड्यावरून ठरते. अशा बुडबुड्याच्या वाढीचे मूळ गणित म्हणजे रॅली-प्लेसेट समीकरण; त्यात बुडबुड्याच्या भिंतीचे त्वरण, पृष्ठताण, श्यानता (द्रवाचा चिकटपणा) असे सगळे आहे. संगणकात वापरले जाणारे श्नेर-सावर किंवा झ्वार्ट मॉडेल हे तिन्ही वगळते. मग उरते इतकेच: बाष्पदाब आणि भोवतालच्या पाण्याचा दाब यांतल्या फरकाला पाण्याच्या घनतेने भागा, दोन-तृतीयांशाने गुणा, वर्गमूळ काढा. फरक 1 किलोपास्कल असेल, तर त्रिज्या सेकंदाला सुमारे 0.8 मीटर वेगाने वाढते.

फुगणाऱ्या बुडबुड्याला हे सूत्र छान लागू पडते. मिटणाऱ्याला नाही! लॉर्ड रॅली यांनी 1917 मध्ये दाखवले, की पोकळी आकसते तशी तिची भिंत अधिकाधिक वेगाने आत धावते. त्रिज्या दहाव्या हिश्शावर येते तेव्हा हा वेग वरच्या सूत्रातल्या वेगाच्या 31 पटींहून जास्त असतो. संक्षिप्त सूत्रात मात्र तो शेवटपर्यंत तेवढाच राहतो. झ्वार्ट मॉडेलमध्ये तर बाष्पीभवनाला 50 आणि द्रवीभवनाला 0.01 असे गुणक लावतात. ते निसर्गाचे स्थिरांक नव्हेत, प्रयोगांशी जुळवून घेतलेले आकडे आहेत.

याच मिटण्याच्या जोरावर 'विजेपेक्षा जास्त उष्णता देणारे' हीटर विकणारेही आहेत. तो दावा निखालस खोटा आहे. बुडबुड्यातून बाहेर पडणारी ऊर्जा मोटरनेच पाण्यात घातलेली असते.

वाफ कुठे होईल, पंपाचा दाब कधी घसरू लागेल, हे ही मॉडेले चांगले सांगतात. खड्डे मात्र बुडबुडा मिटतानाच्या अखेरच्या क्षणी पडतात आणि समीकरणातून नेमके त्याच क्षणाचे गणित गाळलेले असते. पाते किती टिकेल हे कळायला पाण्याची संपीड्यता (दाबाने आकसण्याचा गुण) धरून दाबलहरींचे वेगळे गणित करावे लागते, आणि त्या धातूची प्रत्यक्ष झीज-चाचणी घ्यावी लागते.