मराठी कविता: आधी गळा, मग कागद

सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची ।
ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची ॥

जुन्या पिढीतल्या अनेकांना हे दोन चरण पाठ असतात. वरवर पाहता ही चार थोर कवींची नावे आहेत, पण नीट पाहिले तर प्रत्येक कवीला त्याच्या घाटाशी, म्हणजे रचनेच्या साच्याशी, बांधून टाकले आहे. वामन पंडित म्हटले की श्लोक, तुकाराम म्हटले की अभंग, ज्ञानेश्वर म्हटले की ओवी आणि मोरोपंत म्हटले की आर्या. शिवाय हे सांगणाराही त्यातलाच एक घाट वापरतो आहे. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन (अनुस्वार असलेले किंवा जोडाक्षराआधीचे ऱ्हस्वही दीर्घच धरायचे), असे मोजून बघा. 'ओवी ज्ञानेशाची' यातली सहाही अक्षरे दीर्घ, म्हणजे १२ मात्रा. 'किंवा आर्या मयूरपंताची' याच्या भरतात १८. वरच्या ओळीतही तोच हिशेब, १२ आणि १८. काटेकोर छंदशास्त्री याला 'गीती' म्हणतील, पण मोरोपंतांच्या बहुतेक आर्या याच मापाच्या आहेत.

शाळेत आपण कवितेचा इतिहास सनावळ्यांनी शिकलो: संतकवी, पंतकवी (म्हणजे पंडित कवी), तंतकवी (म्हणजे शाहीर), मग केशवसुत, मग नवकविता. ही मांडणी परीक्षेला सोयीची आहे. पण तिच्यामुळे असे वाटत राहते की प्रत्येक पिढीने आधीचे मोडून नवे बांधले. घाटांच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. मराठीतले मोठे साचे लिहिण्यासाठी जन्मलेच नव्हते. ते दळताना, भजनात, फडावर गळ्यातून आले. आणि ज्यांना आपण बंडखोर म्हणतो, तेच कवी पुन्हापुन्हा या साच्यांकडे वळलेले आढळतात.

सर्वांत जुनी ओवी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे मराठीतले मोठे ग्रंथ लिहिले जाण्याच्या आधीच ओवी घरोघरी होती, आणि ती बायकांच्या तोंडी होती. (त्याहून कितीतरी आधीची हालाची 'गाथासप्तशती' आहे, पण ती माहाराष्ट्री प्राकृतातली, तिला आपले आजोळ म्हणावे.) जात्यावर समोरासमोर दोघी बसलेल्या, खुंट्यावर दोघींचा हात, एकीने मूठभर दाणे सोडायचे आणि गाण्याची ओळ दगडाच्या फेऱ्यावर टाकायची. अक्षरे कमीजास्त झाली तरी बिघडत नाही, फेरा सांभाळून घेतो.

हाच सैलपणा ज्ञानेश्वरांनी उचलला. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवरची टीका सांगताना त्यांनी संस्कृत वृत्त घेतले नाही, ओवी घेतली, आणि अशा सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. त्यातली सर्वांत गाजलेली बघा:

माझा मराठाचि बोलु कौतुकें ।
परि अमृतातेंही पैजां जिंके ।
ऐसीं अक्षरें रसिकें ।
मेळवीन ॥

अक्षरे मोजली तर ११, ११, ८ आणि ४ भरतात. पहिल्या तीन चरणांना 'कें-के-कें' असे यमक, आणि चौथा चरण अर्ध्यावर थांबलेला, यमकाविना. साडेतीन चरण म्हणतात ते हेच. तो आखूड चरण म्हणजे घेतलेला श्वास आहे, असे मला नेहमी वाटते. तिथे थांबल्याशिवाय पुढची ओवी उचलता येत नाही. मराठीच्या अभिमानाची ओवी म्हणून ही भाषणांत इतकी वापरली गेली आहे की तिचा घाट कोणी ऐकतच नाही. त्याच शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर 'धवळे' रचले. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव घेतात, आणि तिचाही साचा लग्नघरातलाच.

ओवी मोजमापात बसवली की अभंगाच्या जवळ जाते. तुकोबांचे हे घ्या:

आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें ।
शब्दांचींच शस्त्रें यत्न करूं ॥

सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरे. आखूड चौथा चरण इथेही आहे, फक्त आता टाळ-मृदंगाला धरून बसला आहे. दुसरा प्रकार लहान अभंगाचा, त्यात साधारण आठ-आठ अक्षरांचे चरण. एवढ्या साध्या भांड्यात नामदेव शिंपी, जनाबाई, चोखामेळा, गोरा कुंभार, सावता माळी आणि तुकाराम वाणी या सगळ्यांनी आपापले ओतले. अभंग रचायला गुरुकुलात जावे लागत नव्हते, भजनात उभे राहिले की कान आपोआप तयार होई. जनाबाई तर 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' असे सरळ सांगते, म्हणजे गाणे आणि काम तिने वेगळे केलेच नाही. शेवटी 'तुका म्हणे', 'चोखा म्हणे', 'म्हणे नामयाची जनी' अशी सही. कागद नसलेल्या काळात रचना कोणाची हे गाण्यातच सांगून ठेवायची ही सोय होती. तिचा तोटा असा की दुसऱ्याने रचून 'तुका म्हणे' लावले तरी ते खपून जाई, आणि गाथेच्या संपादकांना त्याचा ताप आजही आहे.

एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि दुसऱ्या हाताने भारुडे रचली. एकच माणूस पाठभेद तपासतो आणि विंचू चावल्याचे सोंगही उभे करतो, हे मला त्यांच्याबद्दल सर्वांत आवडते.

पंडित कवींची पाळी आली की आपण जरा घाईने पुढे सरकतो. ते पूर्ण अन्यायाचे नाही, पण कसब बघण्यासारखे होते. रामदासांचे २०५ 'मनाचे श्लोक' भुजंगप्रयात वृत्तात आहेत. 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' म्हणताना आखूड-लांब-लांब अशी चाल चार वेळा पडते, म्हणून ते मुलांनाही पाठ होतात. मोरोपंतांचे बरेचसे आयुष्य बारामतीत गेले. त्यांनी १०८ रामायणे रचल्याचे सांगतात आणि त्यातले एक 'निरोष्ठ', म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणायचे. प, फ, ब, भ, म वर्ज्य. रामायण लिहायचे आणि 'राम' म्हणायचे नाही! याला कविता म्हणावे की कसरत, यावर वाद घाला, पण भाषेला असा व्यायाम कोणीतरी द्यावा लागतो.

सुरुवातीच्या आर्येत ज्यांना जागा मिळाली नाही ते शाहीर. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा सतराव्या शतकातला; उपलब्ध पोवाड्यांत तो सर्वांत जुन्यांपैकी एक. उत्तर पेशवाईत लावणी बहरली. सोलापूरचे राम जोशी, संगमनेरचे अनंत फंदी, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ ही त्यातली मोठी नावे. होनाजी गवळी रचायचा आणि बाळा गायचा, म्हणून फडाचे नाव होनाजी-बाळा. 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी त्याच होनाजीची, जिने पुढे देवघरात प्रवेश मिळवला. ज्या हाताने शृंगाराच्या लावण्या रचल्या त्याच हाताची ती आहे, हे सकाळी ती लावणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते. फंदींनी 'फटका' हा उपदेशाचा प्रकार रुजवला. 'बिकट वाट वहिवाट नसावी' त्यांचाच.

मग छापखाना आला. १८५४ हे एकच साल बघा. परशुरामतात्या गोडबोले यांनी जुन्या कवितांचे वेचे 'नवनीत' नावाने छापले. त्यावर पिढ्यानपिढ्या विद्यार्थी शिकले आणि 'जुनी मराठी कविता' म्हणजे काय हे बऱ्याच अंशी त्यातूनच ठरले. आणि त्याच साली सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला, ज्यात शिकण्याचा आग्रह धरणारी एक तरुण शिक्षिका बोलते. पहिल्या पुस्तकाचा गाजावाजा झाला, दुसऱ्याची दखल घ्यायला फार वेळ लागला. जोतीरावांनी पुढे १८६९ मध्ये शिवाजीमहाराजांवर पोवाडा लिहिला, आणि अभंगाच्या घाटातल्या आपल्या रचनांना 'अखंड' हे नाव दिले. साचा वारकऱ्यांचा, आशय सत्यशोधकी.

आधुनिक कवितेचे जनक म्हणून केशवसुतांचे (१८६६–१९०५) नाव येते. मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले. 'तुतारी' १८९३ ची. त्यांनी इंग्रजी सॉनेट मराठीत आणले, चौदा ओळींचे, ज्याला पुढे 'सुनीत' हे नाव मिळाले. खरा फरक मात्र ओळींच्या संख्येत नव्हता. देवाला किंवा श्रोत्यांना उद्देशून नसलेला, एका माणसाचा स्वतःशी चाललेला विचार कवितेचा विषय झाला, आणि कविता एकट्याने वाचायची गोष्ट होऊ लागली. बालकवींनी याच वाटेने निसर्ग आणला. भा. रा. तांबे मध्य भारतातल्या संस्थानांत राहून गेय कविता लिहीत होते. १९२३ च्या सुमारास पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळाने तर कविता चालीवर म्हणून दाखवण्याची लाटच आणली. गळा इतक्या सहज हटत नाही! त्याच मंडळातले माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. त्यांनी गझल मराठीत आणली. ती रुजवली मात्र सुरेश भटांनी, काफिया (यमक) आणि रदीफ (त्यापुढे तसाच परत येणारा शब्द) शिकवणारी 'गझलेची बाराखडी' लिहून आणि स्वतः मैफिली गाजवून. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'चे (१९४२) मोठेपण वेगळे सांगायला नको.

माझ्या मते या सगळ्या कथेचा कणा १९४७ ते १९५२ या पाच वर्षांत आहे. १९४७ मध्ये बा. सी. मर्ढेकरांचे 'काही कविता' आले. पिंपात मेलेले उंदीर कवितेत आल्याने रसिक हादरले. अश्लीलतेचा खटलाही झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. नवकवितेची सुरुवात इथून धरतात. पण याच कवीची ही ओळ घ्या: 'किती तरी दिवसांत / नाही चांदण्यात गेलो'. आठ आणि आठ अक्षरे. शहरात हरवलेल्या, रेडिओवर नोकरी करणाऱ्या माणसाने आपली हुरहूर सांगायला जुनी अष्टाक्षरी निवडली. ओवी-अभंगाचे ठसे त्यांच्या कवितेत जागोजाग आहेत.

आणि १९५२ मध्ये, मृत्यूनंतर वर्षभराने, बहिणाबाई चौधरींची गाणी छापली गेली. जळगावजवळच्या असोद्याच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकरी बाई. शेतात नि घरात काम करता करता रचलेले मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी उतरवून ठेवले होते. आचार्य अत्र्यांनी ते पाहिले आणि प्रकाशित करायला लावले.

अरे, घरोटा घरोटा
तुझ्यांतून पडे पिठी
तसं तसं माझं गानं
पोटातून येतं व्होटीं

घरोटा म्हणजे जाते. पुन्हा आठ आठ अक्षरे. मर्ढेकर आणि बहिणाबाई एकमेकांना भेटण्याची शक्यता शून्य, वाचण्याची त्याहून कमी, तरी दोघांच्या कानात एकच माप होते.

मात्रा-अक्षरांचे माप न पाळणारा मुक्तछंद कवी अनिलांनी आधीच आणला होता. १९६० नंतर लघुअनियतकालिकांच्या, म्हणजे जमेल तशी निघणारी छोटी मासिके काढणाऱ्या, पिढीने त्याला बोलीचा रांगडेपणा दिला. नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' (१९६६) गिरणगावातून आले. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) कामाठीपुऱ्याच्या अंगणातून, मराठी वाचकाने कधी छापील न पाहिलेल्या शब्दांसह. अण्णाभाऊ साठ्यांनी 'माझी मैना' लावणीच्या ढंगात गाऊन संयुक्त महाराष्ट्राची सभा पेटवली होती ती त्याआधी. दिलीप चित्रे आणि अरुण कोलटकर हे दोघे दोन भाषांत लिहिणारे आधुनिक कवी, आणि दोघेही तुकारामाच्या भाषांतरात बुडालेले.

पिठाची गिरणी गावोगाव पोचली तेव्हा ओवीचे रोजचे काम गेले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी सहकाऱ्यांसह खेड्यांत फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत सीता आहे, पंढरीची वाट आहे, भाऊ आहे, सासर आहे आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. आता जाते निघते ते लग्नाची हळद दळायला. खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधतात, पाच सवाष्णी हात लावतात, आणि ओवी येणारी एखादी आजी शेजारच्या आळीतून बोलावून आणावी लागते. ती तीन चरण एकटी म्हणते. चौथा, आखूड, बाकीच्या धरतात.