पाटी लावली म्हणून मालक सुटत नाही

‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी फाटकावर लावली की पुढे कुणाला चावलं तरी मालकावर काही येत नाही, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ (१ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २८९) एवढंच विचारतं: जनावर ज्याच्या ताब्यात होतं, त्याने पुरेशी काळजी घेतली का? निष्काळजीपणा ठरला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘ताब्यात’ हा शब्द नीट वाचा. साखळी हातात धरून फिरवणारा नोकरही यात येऊ शकतो. आणि पाटी? धोका मालकाला ठाऊक होता, याचा तो उलट पुरावा ठरू शकतो.

मुंबईत २०१० साली रॉटवायलर जातीचा कुत्रा चावल्याच्या प्रकरणात मालकाला २०२३ मध्ये तीन महिन्यांची शिक्षा झाली. तेरा वर्षं! म्हणूनच कागद पहिल्या दिवसापासून जपायला हवेत.

आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. लगेच दवाखाना गाठा. केसपेपरवर ‘कुत्रा चावला’ एवढंच नको, पाळीव कुत्रा, कुठे, किती वाजता हेही लिहून घ्या. जखमेचे फोटो काढा, इंजेक्शनांची बिलं ठेवा. भरपाईचा दिवाणी दावा फौजदारी तक्रारीपेक्षा वेगळा असतो, तिथे हीच बिलं लागतात.