स्वयंनिर्णयाचा हक्क : टिळकांच्या पत्रानंतरची शंभर वर्षे

ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाईन चिरोल यांच्याविरुद्धचा बदनामीचा खटला टिळक नुकतेच हरले होते. तरी ११ मार्च १९१९ रोजी त्यांनी लंडनहून पॅरिसच्या शांतता परिषदेचे अध्यक्ष क्लेमेन्सो यांना पत्र धाडले. मागणी एकच : युरोपातल्या राष्ट्रांना लावता तो स्वयंनिर्णय, म्हणजे आपले राजकीय भवितव्य आपणच ठरवण्याचा हक्क, हिंदुस्थानलाही लावा. दिल्ली काँग्रेसने टिळक, गांधी आणि हसन इमाम यांना प्रतिनिधी नेमले होते. परिषदेत हिंदुस्थानतर्फे बसले ते मात्र सरकारचे लोक : भारतमंत्री मॉन्टेग्यू, बिकानेरचे महाराजा गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा!

तेव्हा स्वयंनिर्णय हा कायदा नव्हताच. पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) करारनाम्यात तो शब्द आला नाही. बाल्टिक समुद्रातल्या ऑलंड बेटांवरच्या स्वीडिशभाषकांना स्वीडनमध्ये जायचे होते; १९२१ मध्ये बेटे फिनलंडकडेच राहिली, लोकांना स्वायत्तता मिळाली. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेत तत्त्व म्हणून उल्लेख आला, पण तो मोघम.

खरे वळण १४ डिसेंबर १९६० चे. वसाहतींना स्वातंत्र्य द्या, असे सांगणारा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव १५१४ : बाजूने ८९, विरोधात शून्य, तटस्थ ९. तटस्थांत पोर्तुगालही होता. त्याने १९५१ मध्येच वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली होती. पाटी बदलली की वसाहत उरत नाही, असा हा हिशेब. पुण्याला तो मान्य नव्हता. मे १९५५ मध्येच नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींना घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले होते. गोवा विमोचन समितीच्या कामात लोकमान्यांचे नातू जयंतराव टिळकही होते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात घुसले तेव्हा भारताने सुरक्षा परिषदेत वसाहतवादाचाच मुद्दा पुढे केला. शस्त्रबळाचा प्रश्न त्याने सुटला असे मला वाटत नाही, पण नव्याने स्वतंत्र झालेल्या बहुतेक देशांना हा मुद्दा पटला.

संयुक्त राष्ट्रांच्या १९६६ च्या दोन्ही मानवी हक्क करारांचे पहिलेच कलम स्वयंनिर्णयाचे आहे. भारत त्यांत १९७९ मध्ये सामील झाला तो एक निवेदन जोडून : हा हक्क परकीय अमलाखालच्या लोकांचा; सार्वभौम देशातल्या एखाद्या गटाचा नव्हे. काश्मीर आणि ईशान्य भारत डोळ्यांसमोर असणार, हे उघड आहे. फ्रान्स, नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनीने हरकत घेतली. निवेदन कायम राहिले. म्हणूनच सर्बियातून फुटून निघालेल्या कोसोव्होला भारताने मान्यता दिलेली नाही. हिंदी महासागरातली छागोस बेटे ब्रिटनने मॉरिशसपासून तोडली होती; त्या प्रकरणात मात्र हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारत ब्रिटनविरुद्ध मॉरिशसच्या बाजूने उभा राहिला, आणि २०१९ चे सल्लामतही मॉरिशसच्याच बाजूने गेले.